बोटाला लागलेले काळे : जुन्या एमएक्स-५ पायी गेलेले ५,६५६ पौंड

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संध्याकाळी मी बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात २००३ सालची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडणाऱ्या टपाची गाडी २,८५० पौंडांना विकत घेतली आणि पुढच्या चार महिन्यांत तिच्या दुरुस्तीवर आणखी २,८०६ पौंड घातले. एकूण ५,६५६ पौंड अक्कलखाती जमा झाले. विकत घेण्यापूर्वी गाडीचा इतिहास तपासायला दिलेले १९.९९ पौंड यात धरलेले नाहीत, कारण गाडीवर कर्ज नाही, ती चोरीची नाही आणि अपघातात मोडीत निघालेली नाही, एवढे त्या अहवालाने खरेच सांगितले होते. गंजाचा रकाना अशा अहवालात नसतो.

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि माझ्या वडिलांची उभी हयात कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्रीत गेली. गाडी घेतल्याचे फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी रंग विचारला नाही, वेग विचारला नाही, "ठोकून बघितलीस काय रे?" एवढेच विचारले. मी हो म्हणालो. ते खोटे होते.

या गाडीचे दुखणे काय असते ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ते सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट समजेल. हिरोशिमात १९८९ पासून बनत असलेली ही गाडी २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखांवर गेली. त्यामुळे सुटे भाग मुबलक मिळतात, इंजिन दणकट असते आणि बहुतेक यांत्रिक दुखणी किरकोळ खर्चाची असतात. मागच्या ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, क्लचचा खालचा सिलेंडर गळतो, कॉइल गेली की पावसाळी हवेत इंजिन अडखळते आणि सस्पेंशनचे बोल्ट त्यांच्या नळ्यांमध्येच गंजून बसल्यामुळे चाकांचे अलाइनमेंट करता येत नाही. हे सगळे निस्तरता येते. गाडीचा जीव जातो तो पत्र्यापायी. कापडी टपावर पडलेले पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरून मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडावे, अशी योजना असते. या नळ्यांमध्ये पाने आणि चिखल साचला की पाणी दाराखालच्या पोकळ तुळईत, म्हणजे सिलमध्ये, शिरते आणि तिथेच मुरते. पत्रा आतून कुजत जातो आणि बाहेरून फोड दिसू लागेपर्यंत आत काही शिल्लक राहिलेले नसते. इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ खालून तेच काम करते. २००१ नंतरच्या मॉडेलमध्ये तर इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या चासीच्या दुपदरी पट्ट्याही त्याला बळी पडतात.

ही सगळी माहिती मी गाडी घेण्यापूर्वी तीन आठवडे वाचत होतो. अज्ञानाने फसलो असतो तर इतका जळफळाट झाला नसता.

विकणारा तिशीतला, बोलायला अतिशय गोड माणूस होता. गाडी मावशीची, मावशीला आता गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसवत नाही, म्हणून मी तिच्या वतीने विकतो आहे, असे त्याने सांगितले. अशा कथेतल्या मावश्या सगळ्यांना माहीत असतात. मलाही माहीत होत्या. तो घराच्या दारात न भेटता रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका विटांच्या भिंतीसमोर गाडी लावून उभा होता. बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होते. आत्ताच पेट्रोल भरून आणली, असे तो म्हणाला. थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करते हे ऐकायला मिळू नये म्हणून ते आधीच तापवून ठेवतात, हे मी त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला सांगितले होते. तुम्ही जाल तेव्हा इंजिन गरम असेल तर चहा प्यायला निघून जा आणि दोन तासांनी परत या.

आता तो क्षण. रिमझिम होती, सव्वापाच वाजून गेले होते आणि उजेड उतरू लागला होता. मी चालकाच्या बाजूला गुडघा टेकून मागच्या चाकाच्या पुढे सिलच्या खालच्या कडेला बोट फिरवले, कारण तिथेच बघायचे असते. बोट काळे झाले. डांबरासारखा वास आला आणि तो लेप बोटाला किंचित चिकटला. एकवीस वर्षांच्या गाडीवरचे अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून तळाला फासलेला काळा लेप, वाळून दगडासारखा झालेला असायला हवा. तो बोटाला लागतो याचा अर्थ तो गेल्या आठ-पंधरा दिवसांत फासलेला आहे, आणि विकायला काढलेल्या गाडीला कुणी प्रेमापोटी अंडरसील लावत नाही. इतका सरळ हिशेब मला तिथे करता आला नाही. मी खिशातून टिश्यू काढला आणि बोट पुसले. वर "काळजी घेतलेली दिसते," असे त्या माणसाला म्हणालोही. माझ्या खिशात कापडात गुंडाळलेले लोहचुंबक होते. ते तिथे लावले असते तर चिकटले नसते, कारण तिथे पत्रा नव्हताच. पुट्टी होती, तिच्यावर रंग होता आणि त्यावर तो काळा लेप होता. वरून कीर्तन आतून तमाशा. ते चुंबक मी घरी परत आणले. ते अजून फ्रिजच्या दारावर आहे.

माझ्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. एमओटी, म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी, पाचच दिवसांपूर्वी झालेली होती. किंमत बाजारभावाएवढीच होती, संशय यावा इतकी कमी नव्हती. सहा वाजता दुसरा ग्राहक येणार आहे असे तो दोनदा म्हणाला आणि माझ्यासमोर एक फोनही घेतला. ६८,४०० मैलांचा आकडा जुन्या नोंदींशी जुळत होता. त्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात आणि मी त्या तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर पाहिल्या. पण सगळ्यात वरची "पास" ही नोंद आणि मैलांचे आकडे पाहून थांबलो. बोट आणखी दोनदा वर सरकवले असते तर २०२२ ची नोंद दिसली असती : सीटबेल्टच्या बैठकीजवळ सिल गंजल्यामुळे नापास, तीन दिवसांनी पास. तीन दिवसांत सिल नवा होत नसतो, त्यावर ठिगळ लागते. म्हणून नोंदी पहिल्यापासून वाचा, आणि घरी बसून वाचा. "पास" या शब्दावर विसंबू नका, कारण परीक्षकाला गाडीचा कोणताही भाग सोडवून किंवा उकलून बघण्याची मुभा नसते. जे झाकलेले असते ते झाकलेलेच राहते.

१५० पौंड रोख दिले, २,७०० बँकेतून पाठवले. लॉगबुकावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, एका बाईंचे नाव होते, तीच मावशी असणार असे मी गृहीत धरले. सवयीने त्या पानाचा एक फोटो काढून ठेवला. दिवसभरात केलेली शहाणपणाची गोष्ट म्हटली तर तेवढीच.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग डावीकडे वळताना आसनाच्या मागून खळखळ आवाज येऊ लागला. मी पाण्याची बाटली शोधत राहिलो. बायकोने मात्र टप उघडून नळीच्या तोंडाशी बोट घातले आणि म्हणाली, "अरे, बाटली कसली शोधतोस? गाडीतच पाणी भरलंय." १४ नोव्हेंबरला एका वेल्डरच्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलली. त्याने काहीही न बोलता साधा स्क्रू ड्रायव्हर सिलला टेकवून दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. काढल्यावर त्या भोकातून आधी पाणी आले, मग तपकिरी चिखल आणि मग पुट्टीचे दोन तुकडे.

त्यानंतरची बिले अशी आहेत. दोन्ही सिल आणि मागच्या चाकांच्या कमानी कापून नवा पत्रा जोडायला १,१८० पौंड लागले, पुढच्या चासीच्या पट्ट्यांना ६४०. मागचे दोन्ही कॅलिपर आणि हँडब्रेकची केबल २८६. टायमिंग बेल्ट बदलला आहे असे तो म्हणाला होता. बिल मागितल्यावर "मावशीकडे असेल" असे उत्तर मिळाले होते. हा पट्टा सुमारे ६०,००० मैलांनंतर बदलायचा असतो. उघडल्यावर तो पहिलाच निघाला आणि पाण्याच्या पंपासह ३९५ पौंड गेले. जाम झालेले बोल्ट कापून अलाइनमेंट करायला २१०, क्लचच्या सिलेंडरला ९५. ज्या कामाचे बिल दाखवता येत नाही ते काम झालेलेच नाही असे धरून किंमत बोला.

फोन अर्थातच बंद होता. लॉगबुकावरच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. त्या बाईंनी स्वतः फोन केला. त्यांना भाचा नव्हता. सप्टेंबरमध्ये त्यांनी ही गाडी, खालून सडली आहे असे स्पष्ट सांगून, एका माणसाला ६५० पौंडांना विकली होती आणि त्याने लॉगबुकावर आपले नाव कधी चढवलेच नाही. मला त्यांचा रागही येईना. लॉगबुकावरचे नाव आणि समोरच्या माणसाचे ओळखपत्र जुळत नसेल तर तिथेच पाठ फिरवा, मावशी असो की आजी.

इथला कायदा कागदावर उत्तम आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे विक्रेता व्यापारी असेल तर सदोष गाडी ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि व्यापाऱ्याने खासगी माणूस असल्याचे भासवणे हाच गुन्हा आहे. विक्रेता खरोखर खासगी असला तरी गाडी वर्णनाप्रमाणे असावी लागते. जाहिरातीत "गंज अजिबात नाही" असे लिहिले होते. ती जाहिरात मी पैसे दिल्याच्या रात्रीच नाहीशी झाली होती आणि मी तिचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. तुम्ही घ्या, गाडी बघायला निघण्यापूर्वीच घ्या. मी एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीत जागा झालो होतो. पण गाडी परत करायची कुणाला?

पोलिसांनी फसवणुकीच्या तक्रारींसाठी वेगळी व्यवस्था असल्याचे सांगितले. तिथे ४७ मिनिटे संगीत ऐकल्यावर एक संदर्भ क्रमांक मिळाला आणि सात आठवड्यांनी, तपासाला पुरेसा धागा नाही, असे पत्र आले. धागा मीच दिला होता : ज्या खात्यात २,७०० पौंड गेले त्याचा क्रमांक. खात्याला मालक असतो, मालकाला पत्ता असतो आणि तो पत्ता बँकेला माहीत असतो, एवढे मला कळते. ग्राहकांच्या मदतवाहिनीवरच्या मुलीने मला माझे हक्क अत्यंत मधुर आवाजात वाचून दाखवले, जे मी आधीच वाचले होते, आणि माहिती स्थानिक अधिकाऱ्यांकडे पाठवली. स्थानिक अधिकारी म्हणाले, आम्ही एकेका व्यक्तीची तक्रार चालवत नाही, आणि विक्रेता आमच्या हद्दीतला नाही. ज्या हद्दीतला होता तिथले अधिकारी म्हणाले, तक्रारदार आमच्या हद्दीतला नाही. म्हणजे गाडी ज्या रस्त्याने घरी आली त्या रस्त्यावर मधे कुठेतरी हा गुन्हा हवेत विरून गेला असावा.

बँकेची तऱ्हा आणखी निराळी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथल्या बँकांवर, फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचे बंधन आहे. माझा व्यवहार त्यानंतर १९ दिवसांनी झाला, म्हणून मी आशेने अर्ज केला. उत्तर आले की तुम्हाला वस्तू मिळाली आहे, ती निकृष्ट निघाली हा दिवाणी वाद आहे आणि दिवाणी वाद या योजनेत बसत नाहीत. दिवाणी दावा १०,००० पौंडांपर्यंत वकिलाशिवाय लावता येतो हे खरे, पण दावा लावायला प्रतिवादीचा पत्ता लागतो. पत्ता बँकेकडे आहे आणि बँक तो मला देत नाही.

एक दार मात्र मी माझ्याच हाताने लावून घेतले. एमओटीत पास झालेली गाडी खरे तर नापास व्हायला हवी होती असे वाटल्यास वाहन तपासणीच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते; गंजाच्या बाबतीत तीन महिने आणि इतर दोषांसाठी २८ दिवस मुदत असते. पण गाडी त्याच अवस्थेत दाखवावी लागते. मला हे कळले तेव्हा वेल्डरने उजवा सिल पूर्ण कापून काढला होता आणि तो सडका पत्रा भंगारात गेला होता. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी फोटो, मग तक्रार, आणि वेल्डर सगळ्यात शेवटी.

फेब्रुवारीत एका रुपेरी एमएक्स-५ ची जाहिरात दिसली. फोन क्रमांक वेगळा होता, मालकीण या वेळी आत्या होती, पण मागची विटांची भिंत तीच होती. वरच्या ओळीतली तुटकी वीट माझ्याकडच्या लॉगबुकाच्या फोटोत मागे आलेल्या भिंतीशी तंतोतंत जुळते. मी दोन्ही फोटो त्या संदर्भ क्रमांकासह पाठवले. तुमचा संदेश मिळाला आहे, कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये, असे उत्तर आले. चार दिवसांनी जाहिरातीवर "विकली गेली" असे आले.

त्या भिंतीचा फोटो मी जपून ठेवला आहे. बर्मिंगहॅमच्या आसपास कुणी मराठी माणूस अशी गाडी बघायला निघणार असेल तर मला आधी कळवा, मी जॅक, विजेरी आणि ते चुंबक घेऊन सोबत येईन. फक्त भेट दुपारी बाराच्या आत ठरवा, आणि पाऊस असेल तर रद्द करा.