रॅम माशांची खरी जोडी इथे मिळाली: चार तारे

याआधी उपनगरातल्या एका दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले जर्मन ब्लू रॅम (टाकीत पाळायचे छोटे रंगीत मासे) दोन्ही नर निघाले. आठवड्याभरात एकाने दुसऱ्याचे पर फाडून ठेवले. फार वाईट वाटलं होतं.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीतल्या या छोट्या दुकानात काकांनी टाकीसमोर स्टूल ठेवलं. म्हणाले, "निवांत बघा. पोट गुलाबी आणि अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकते खवले, ती मादी." नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात, पण पिल्लांमध्ये त्यावर विसंबू नका, हेही त्यांनीच सांगितलं. अर्धा तास बघून मादी निवडली. दादरपर्यंत पिशवी मांडीवरून हलवली नाही!

एक तारा कमी केला तो ॲपिस्टोग्रामा या दुसऱ्या छोट्या माशांच्या टाकीमुळे. त्यांच्यातल्या कॅकॅटुऑइडिस जातीची मादी विणीच्या वेळी पिवळीधमक होते, तिला तिथला पोऱ्या वेगळीच जात म्हणून विकत होता. मी काकांना सांगितलं, त्यांनी लगेच तिला नराच्या टाकीत हलवलं.

रॅम मासे मूळचे व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातले, उबदार पाण्याचे. म्हणून हीटर २८ अंशांवर ठेवलाय, नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घालते आणि दर आठवड्याला थोडं बदलते. नवीन, न मुरलेल्या टाकीत रॅम सोडू नका, ते तग धरत नाहीत.

काल सपाट दगडावर अंडी दिसली. दोघंही आळीपाळीने परांनी वारा घालतायत.