कंपाउंडच्या डांबरीकरणात आमची सोसायटी सहा लाखांना फसली

मुलुंड पूर्वेला आमची अडतीस घरांची जुनी सोसायटी आहे. मी तिची खजिनदार. कंत्राटदाराला दिलेल्या दोन्ही चेकवर माझी सही आहे, म्हणून जे घडलं ते मीच लिहायला हवं. पावसाळ्याआधी कंपाउंडचं काम काढायच्या विचारात असाल तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हे वाचा.

आमच्या कंपाउंडमध्ये दर पावसाळ्यात घोट्यापर्यंत पाणी साचायचं. एप्रिलच्या सभेत डांबरीकरण आणि पावसाचं पाणी बाहेर काढणारी नवी लाइन, दोन्ही कामं एकदम करायचं ठरलं. तीन कोटेशनं आली. पहिल्या दोघांनी एकच गोष्ट सांगितली: आधी जुना थर खरवडायचा, लाइन गेटपाशी असलेल्या महापालिकेच्या चेंबरला जोडायची, मग डांबर. दोघांचाही आकडा नऊ लाखांच्या वर. तिसरा आला तो मोबाइलवर व्हिडिओ घेऊन. दुबईचे काळेभोर, आरशासारखे रस्ते. "मॅडम, बारा वर्षं गल्फमध्ये काढलीत. तिथे पन्नास डिग्रीत आमचं डांबर हलत नाही, तुमच्या मुंबईचं ऊन म्हणजे काहीच नाही. वाळवंटी ग्रेड टाकतो, दहा वर्षं बघायला नको." आकडा ७,२०,००० रुपये, लाइनसकट.

हे बोलणं आम्हाला पटलं, त्यालाही कारण होतं. त्याच आठवड्यात भर दुपारी एकाच्या स्कूटरचा स्टँड जुन्या डांबरात रुतून गाडी आडवी झाली होती. आमच्या डोक्यात ऊनच बसलेलं होतं आणि त्याने तेच उचललं. पुढचा तासभर सगळी चर्चा उन्हावर झाली. पाणी नक्की कुठून कुठे जाणार, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. अध्यक्ष काकांनी लाइनचा नकाशा मागितला तेव्हा "तो साइटवरच ठरतो" म्हणाला.

त्याच्या बोलण्यात खरं किती होतं ते नंतर कळलं. माझा भाचा शारजात रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याने समजावलं की वाळवंटात उन्हाळ्यात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग पासष्ट डिग्रीच्या वर जातो, डांबर मऊ पडतं, जड गाड्यांच्या चाकोऱ्या उठतात आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते सुकतं, तडकतं. म्हणून तिकडे जास्त घट्ट डांबर वापरतात. आपल्याकडेही भारतीय मानकात व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३०, व्हीजी-४० असे ग्रेड आहेत. आकडा जितका मोठा तितकं डांबर उष्णतेत घट्ट. 'वाळवंटी ग्रेड' नावाचा ग्रेड त्या मानकात नाही. कोटेशनवर व्हीजीचा आकडा नसेल तर तिथेच थांबा.

पण भाच्याचं पुढचं वाक्य मला जास्त लागलं. "मावशी, इथे वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर, तरी कुठलंही आवार करताना आधी विचारतात पाणी कुठे जाणार. कारण पडतो तेव्हा एकदम पडतो आणि जमीन पीत नाही." १६ एप्रिल २०२४ ला दुबई बुडाली तेव्हा त्याने पाठवलेले फोटो माझ्या फोनमध्ये होतेच. त्या पावसात अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरची नोंद झाली. आमच्या मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता, आणि त्या दिवशी मी स्वतः भांडुपहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले होते. ती मी, कोटेशन वाचताना पाण्याबद्दल विचारायची विसरले.

४,३२,००० रुपये आगाऊ दिले. चार दिवस खोदकाम झालं, चार चेंबर बांधले, वर नव्या कोऱ्या लोखंडी जाळ्या बसल्या. दिवसभर आम्ही सगळे कामावर. संध्याकाळी येऊन बघावं तर माती बुजवलेली, जाळी बसलेली. सुबक दिसायचं.

डांबर शनिवारी रात्री पडलं. दिवसा गाड्या बाहेर काढायला लावायच्या नाहीत, असं कारण दिलं. मी गॅलरीत उभी होते. डंपरवर ताडपत्री नव्हती. डिझेलचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. हॅलोजनच्या उजेडात एक पोरगा उकिडवा बसला, मालातला एक ढेकूळ उघड्या हाताने उचलून त्याने बाजूला टाकला आणि हात पँटला पुसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. आज माहीत आहे की गरम माल पसरताना एकशे चाळीस डिग्रीच्या आसपास असावा लागतो, त्यातून वाफ निघते, त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. थंड मालावर रोलर कितीही फिरवा, तो दाबलाच जात नाही. जुन्या थरावर आधी चिकट डांबराचा हात मारायचा असतो, तोही मारला नाही. झाडून घेतलं आणि वर माल ओतला.

सकाळी सगळं काळं चकचकीत. लोकांनी फोटो काढले. मी १,८०,००० चा दुसरा चेक दिला.

जूनच्या मध्यावर पहिला मोठा पाऊस झाला. पहाटे पाचला तळमजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी होतं, आयुष्यात पहिल्यांदा. तांदळाचा डबा त्यांनी ओट्यावर चढवला होता, पण पलंगाखालच्या ट्रंकेत आजोबांची कागदपत्रं आणि लग्नातला शालू होता, तो भिजला. त्या काही बोलल्या नाहीत. एकेक कागद सोडवून ताटावर पसरत बसल्या. मीटर रूमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं होतं. वॉचमनने मेन स्विच पाडला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

उतार गेटकडे असायला हवा होता. तो इमारतीकडे दिला होता. चार-पाच दिवसांनी गाड्या वळायच्या जागी डांबर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सुटायला लागलं. एक पापुद्रा मी पट्टीने मोजला: १८ मिलिमीटर. ठरले होते ५०.

नाक्यावरच्या प्लंबरदादांना बोलावलं. त्यांनी पहिल्या चेंबरची जाळी उचलून बांबूची लांब पट्टी आत सारली. दोन फुटांवर ठक्क आवाज आला. दुसऱ्या चेंबरलाही तेच. तिसऱ्या-चौथ्याला भोकच नव्हतं. दोन चेंबरना पाइपचे दोन-दोन फुटांचे तुकडे लावले होते, पुढे नुसती माती. "ताई, याला लाइन नाही म्हणत. हे चार खड्डे आहेत, वर झाकणं," दादा म्हणाले.

मालाची चोरी कळली ती वॉचमनच्या रजिस्टरमुळे. आमचं आवार ६,००० चौरस फूट, म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटर जाडीला सुमारे २८ घनमीटर माल, आणि दाबलेल्या डांबराचा घनमीटर सुमारे २.३ टन, म्हणजे ६४ टन. सोळा टनांचे चार डंपर. कंत्राटदाराने दिलेल्या बिलाला चार पावत्या जोडलेल्या होत्या. गेटच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री दोनच डंपर आत आल्याची नोंद आहे, वेळ आणि नंबरसकट, आणि दुसरा अर्धाच भरलेला होता असं वॉचमन शपथेवर सांगतो. हे गणित शाळेतल्या मुलाला येतं. मला चेक देण्याआधी ते करायला दहा मिनिटं लागली असती.

फोन केला तर आधी "पाऊसच जास्त झाला", मग "वाळवंटी ग्रेड ओलाव्यात बसायला वेळ लागतो", मग फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तो रद्द झालेला होता. हे पोर्टल सगळ्यांना खुलं आहे, पैसे देण्याआधी बघा. वकिलांची नोटीस त्या पत्त्यावरून परत आली. पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" हेच ऐकलं. रजिस्टर, पावत्या आणि उखडलेल्या थराचे फोटो समोर ठेवले तेव्हा अर्ज घेतला आणि पोचेचा शिक्का दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

या मे महिन्यात काम नव्याने केलं, पहिल्या दोघांपैकी एकाकडून. वर्गणी काढावी लागली, निवृत्त लोकांकडूनही, आणि ते मागताना जीव नको झाला. या वेळी खोदकाम बुजवायच्या आधी रोज दोघे जण लाइन बघायला थांबले. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतली, मीटरला दोन सेंटिमीटर उतार गेटच्या दिशेने. प्रत्येक डंपरची वजनकाट्याची मूळ पावती गेटवरच घेतली. मालात थर्मामीटर खुपसला. डांबर टाकायच्या आधी दहा हजार लिटरचा टँकर मागवून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात सोडला आणि महापालिकेच्या चेंबरमध्ये पाणी पडताना सगळ्यांनी वाकून पाहिलं. शेवटचे दहा टक्के पावसाळा संपल्यावर देणार आहोत, तसं करारात लिहिलंय. ज्याला हे मान्य नसेल त्याला काम देऊ नका, तो कितीही गोड बोलो.

मागच्या मंगळवारी भांडुपच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंचा फोन आला. आमच्या प्लंबरदादांनीच नंबर दिला होता. एक जण कोटेशन घेऊन आलाय, म्हणाल्या, गल्फचा अनुभव आहे, छान व्हिडिओ दाखवतो. मी विचारलं, आगाऊ दिलेत का?

"नाही अजून, उद्या चेक देणार आहोत."

रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स पिशवीत टाकली आणि रिक्षा पकडली.