बहरीनची हाफ-डे टूर: तेलाची विहीर भारी, उंटांपाशी नुसता टाइमपास

राजधानी मनामातून दक्षिणेकडे नेणाऱ्या या हाफ-डे टूरला पाचात साडेतीन, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या ड्रायव्हरचे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पॅकेजमध्ये पहिली तेल विहीर, ट्री ऑफ लाइफ, उंटांचा फार्म आणि शेवटी सोन्याच्या दुकानात "फक्त बघून घ्या" म्हणत बसवून ठेवणं, एवढं येतं. एसी मस्त होता, पिकअप उशिरा आला.

विहिरीपाशी उतरल्यावर आमच्या ग्रुपमधले दोघं लगेच परत गाडीत जाऊन बसले, कारण दिसायला तिथे पाइप, व्हॉल्व्ह आणि एक दगडी पाटी, बास. पण अहो, आखाताच्या अरबी बाजूला पहिल्यांदा तेल लागलं ते इथे, 1932 मध्ये, सौदीत दम्मामला लागायला त्यानंतर सहा वर्षं गेली! आणि जागा पण बघा, जेबेल दुखानचा पायथा. दुखान म्हणजे देशातलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि उंची किती तर 134 मीटर 😄 जमिनीखालचे खडकांचे थर इथे घुमटासारखे वर आलेत आणि त्या घुमटाखाली तेल अडकून राहिलं. वर चढून बघितलं की आजूबाजूला सगळीकडे पाइपलाइनी दिसतात.

गाइड म्हणून दिलेला पोरगा यातलं काहीच बोलला नाही, तो फोटो काढून देण्यात बिझी. सांगितलं ते ड्रायव्हरने. केरळचा माणूस, बरीच वर्षं इथे, हिंदी एकदम फर्स्टक्लास. फ्रँक होम्स म्हणून एक न्यूझीलंडचा गडी होता, त्याने आधी इथल्या शेखना गोड्या पाण्याच्या विहिरी खणून दिल्या आणि त्या बदल्यात 1925 मध्ये तेल शोधायचं कन्सेशन, म्हणजे परवाना, पदरात पाडून घेतलं. म्हणजे तेलाचा सौदा पाण्यावर झाला! टूरवाले वाळवंट विकतात, पण इथे सगळं फिरतं ते पाण्याभोवती, आणि ते यांच्या कुठल्याच पाटीवर नाही.

दक्षिण भाग ओसाड आणि उत्तरेला खजुराच्या बागा, जुनी गावं, सगळी गर्दी, असं का? तर सौदीच्या बाजूने जमिनीखालून येणारं पाणी उत्तरेकडे झऱ्यांनी वर यायचं. समुद्राच्या तळाशीसुद्धा गोडे झरे होते, मोती काढणारे बुडी मारून चामड्याच्या पिशवीत ते पाणी भरून आणायचे. मग इतका उपसा झाला की अधारीसारखे नावाजलेले झरे आटले, भूजलात खारं पाणी शिरलं, आणि आता नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी, त्यालाही इंधन लागतंच.

ट्री ऑफ लाइफ छान आहे, आपली शमीच आहे ती, सुमारे 400 वर्षांची, आजूबाजूला नुसती वाळू. दहा मिनिटं पुरतात. उंटांचा फार्म मात्र मला नाही झेपला, वास आणि माश्या.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे मुहर्रक, मोत्यांच्या व्यापाराचं जुनं शहर, पॅकेजमध्येच नाही. अरे, तेलाच्या आधी हा देश मोत्यांवर जगत होता आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती! आम्ही ड्रायव्हरला वेगळे पैसे देऊन संध्याकाळी गेलो. पर्लिंग पाथ, म्हणजे मोत्यांच्या धंद्यातली जुनी ठिकाणं जोडणारी वाट, साडेतीन किलोमीटरची आहे, 2012 पासून युनेस्कोच्या यादीत, व्यापाऱ्यांची कोरीव दारांची घरं बघून डोळे फिरतात, आणि तिथेच कळतं की बुडी मारणारे मात्र नाखुदाच्या (बोटीच्या कप्तानाच्या) कर्जात पिढ्यानपिढ्या अडकलेले असायचे. जपानचे कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम तयार केलेले) मोती आले, वर जागतिक मंदी, धंदा बसला, आणि नेमकं तेव्हाच तेल लागलं.

आज लोकसंख्येत अर्ध्याहून जास्त बाहेरचे, त्यात सगळ्यात जास्त आपले भारतीय. 1965 पर्यंत इथे व्यवहारसुद्धा रुपयात चालायचा. टूरवाल्यांच्या ब्रोशरमध्ये यातलं कोणी दिसत नाही, तिथे फक्त उंट आणि सूर्यास्त. बघायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मनामातल्या बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या सूकमध्ये (बाजारात) जा, सुट्टी असलेले कामगार जमलेले असतात, मल्याळम, बंगाली, तेलुगू, सगळं कानावर पडतं.

बुक करायचीच असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा (उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, तुम्ही कशाला भाजून घेताय), पैसे द्यायच्या आधीच उंट आणि सोन्याचं दुकान काढून मुहर्रक टाकायला सांगा, आणि पुढची सीट पकडा, ड्रायव्हर बोलका निघाला तर गाइडची गरज नाही.