लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल: घेण्याआधी बाटलीची मागची बाजू वाचा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत वार्षिक तपासणी आटोपली की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४०-१६० आलेल्या रिपोर्टांचे फोटो घरच्या ग्रुपवर फिरू लागतात. त्याखाली कोणीतरी हमखास सुचवतं, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या सुरू करू नका, त्या केमिकल. चायनीज रेड यीस्ट राइस घ्या, नॅचरल आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या सप्लिमेंटच्या दुकानांत सांगून ठेवलं तर या कॅप्सूल मागवून देतात, नाहीतर कुरिअरने घरपोच येतात. बाटलीची किंमत हजारांच्या घरात जाते. हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या सगळ्या मालाचं आहे, कारण यातली मुख्य खोट बहुतेक बाटल्यांत सारखीच आहे.

आधी माल काय आहे ते. वाफवलेल्या तांदळावर मोनॅस्कस पर्प्युरियस नावाची बुरशी वाढवतात, तांदूळ आतपर्यंत गडद लाल झाला की वाळवून दळतात. चीनमध्ये शेकडो वर्षं याने मांस, टोफू आणि तांदळाची दारू रंगवत आले आहेत. १५९६ मध्ये छापून आलेल्या ली शिझेन यांच्या औषधीकोशातही याची नोंद पचनासाठी आणि रक्ताभिसरणासाठी आहे. कोलेस्टेरॉल हा शब्दच तेव्हा नव्हता, त्यामुळे "हजार वर्षांचं कोलेस्टेरॉलचं औषध" असं जाहिरातीत दिसलं तर तिथेच सावध व्हावं.

कोलेस्टेरॉलशी संबंध जोडला तो जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी. १९७९ मध्ये त्यांनी मोनॅस्कस बुरशीतून मोनॅकोलिन के हा रेणू वेगळा काढला. दुसऱ्या एका बुरशीतून अमेरिकेत सापडलेलं लोव्हास्टॅटिन आणि हा रेणू एकच निघाला. लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे "स्टॅटिन नको म्हणून रेड यीस्ट" असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात स्टॅटिनच घेतो आहे, फक्त किती घेतो आहे ते त्याला माहीत नाही.

हा माल काम करतो का? करतो, आणि त्याचा पुरावा चांगला आहे. चीनमध्ये झ्वेझिकांग नावाचं लाल यीस्ट तांदळाचं प्रमाणित औषध आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ४,८७० रुग्णांना ते किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध देऊन सरासरी साडेचार वर्षं पाहिलं गेलं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू हे निष्क्रिय औषधाच्या गटात १०.४ टक्के रुग्णांत घडलं, झ्वेझिकांगच्या गटात ५.७ टक्क्यांत. पारंपरिक चिनी औषधांवरच्या संशोधनात इतका मोठा आणि इतका नीट बांधलेला अभ्यास क्वचित सापडतो, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या अभ्यासातली मात्रा पाहा: ३०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक कॅप्सूलमध्ये अडीच ते ३.२ मिलिग्रॅम लोव्हास्टॅटिन, मोजून. शिवाय ते सगळे आधीच हृदयरोगी होते. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीला हा अभ्यास लागू होत नाही, कारण ती बाटली म्हणजे झ्वेझिकांग नव्हे.

फरक किती पडतो ते अमेरिकेतल्या तपासण्यांत दिसलं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दुकानांतले २८ ब्रँड घेतले. दोनांत मोनॅकोलिन के सापडलंच नाही. उरलेल्यांत १,२०० मिलिग्रॅम मालामागे ते ०.०९ पासून ५.४८ मिलिग्रॅमपर्यंत होतं, म्हणजे ६० पटींचा फरक. लेबलवर मात्र बहुधा तोच "६०० मिलिग्रॅम" किंवा "१,२०० मिलिग्रॅम" चा आकडा. तो आकडा लाल तांदळाच्या पुडीचा असतो, औषधाचा नाही. अमेरिकी बाटल्यांवर मोनॅकोलिनचा आकडा न छापण्यामागे कायद्याचंही कारण आहे: तिथलं औषध प्रशासन १९९८ पासून सांगत आलं आहे की मोनॅकोलिन के नाममात्रापेक्षा जास्त असेल तर तो माल सप्लिमेंट नसून परवानगी नसलेलं औषध ठरतो. त्यामुळे उत्पादक गप्प राहतात.

युरोपातून आलेल्या बाटल्यांवर आकडा सापडण्याची शक्यता जास्त. तिथे २०२२ पासून दिवसाच्या मात्रेत मोनॅकोलिन ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असण्याचं बंधन आहे. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिला, १८ वर्षांखालचे आणि ७० वर्षांवरचे लोक यांनी घेऊ नये, अशी सूचनाही लेबलवर सक्तीची आहे. लेबलवर टक्का दिला असेल तर गणित सोपं आहे. ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल आणि ०.४ टक्के मोनॅकोलिन के, तर एका कॅप्सूलमध्ये २.४ मिलिग्रॅम. तीच कॅप्सूल ३ टक्क्यांची असेल तर १८ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कॅप्सूल घेतल्या की ३६. लोव्हास्टॅटिन डॉक्टर साधारण २० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. टक्काही नाही आणि मिलिग्रॅमही नाही, अशी बाटली परत करावी.

कॅप्सूल उघडून पाहिली तर आत विटकरी-तांबडी, किंचित आंबूस वासाची पूड निघते. बोटाला रंग लागतो. रंग गडद म्हणजे माल कसदार, असा समज दुकानदारही पसरवतात. तो चुकीचा आहे. रंगासाठी निवडलेल्या बुरशीच्या जाती वेगळ्या आणि मोनॅकोलिनसाठी निवडलेल्या वेगळ्या. खाण्याच्या रंगासाठी बनवलेला तांदूळ लालभडक असूनही औषधी अंशाने जवळजवळ रिकामा असू शकतो.

आता दुसरी खोट, आणि ही जास्त गंभीर. याच बुरशीच्या काही जाती आंबताना सिट्रिनिन नावाचं विष तयार करतात, ते मूत्रपिंडाला इजा करतं. २०१० मधल्या एका तपासणीत १२ पैकी ४ उत्पादनांत ते सापडलं. युरोपने त्याची मर्यादा आता किलोमागे १०० मायक्रोग्रॅमवर आणली आहे, आधी ती २,००० होती. चांगला उत्पादक बॅचनुसार सिट्रिनिनचा प्रयोगशाळेचा अहवाल देतो. मागितल्यावर तो मिळत नसेल तर पुढे जाऊ नये. अहवाल असला तरी धोका पूर्ण टळतो असं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जपानच्या कोबायाशी फार्मास्युटिकल कंपनीला लाल यीस्टची सप्लिमेंट बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती घेणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडली होती. तिथे दोषी सिट्रिनिन नव्हतं. कारखान्यात शिरलेल्या निळ्या बुरशीचं प्युबेरुलिक अॅसिड त्या मालात निघालं. औषधनिर्मितीत नावाजलेल्या देशात हे घडू शकतं, तर नाव न ऐकलेल्या कंपनीची बाटली किती भरवशाची हे ओळखता येतं.

दुष्परिणाम स्टॅटिनचेच. मांड्या-पोटऱ्या कारण नसताना दुखणं, जिना चढताना पाय जड होणं, लघवी कोकाकोलासारखी काळसर होणं ही लक्षणं दिसली की कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सीपीके (स्नायूंची) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. खरी पंचाईत दुसऱ्या औषधांबरोबर होते. आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल महिनाभर चालतं, सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळतं. ही दोन्ही औषधं लोव्हास्टॅटिनचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम अडवतात, रक्तातली मात्रा कित्येक पटींनी वाढते आणि स्नायू विरघळू लागण्याचा धोका असतो. रक्तदाबाची डिल्टियाझेम-व्हेरापामिल, ट्रायग्लिसराइडचं जेमफिब्रोझिल, किडनी बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन यांच्याबरोबरही स्नायूंना हाच धोका. ग्रेपफ्रूटही टाळावं. सप्लिमेंट घेतो हे पेशंट डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

डॉक्टरांच्या संमतीने घ्यायचंच ठरलं तर सुरुवातीआधी लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची) करावं. टीएसएच यासाठी की थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढलेलं असू शकतं, आणि अशा माणसाला स्टॅटिनने स्नायूदुखी होण्याचा धोका जास्त. कॅप्सूल रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी, लोव्हास्टॅटिन अन्नाबरोबर जास्त शोषलं जातं. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड आणि एसजीपीटी पुन्हा. पहिली बाटली संपून दुसऱ्या बॅचची सुरू केली तर हीच तपासणी पुन्हा करावी लागते, कारण मात्रा बदललेली असू शकते. या तपासण्यांचा खर्च बाटलीच्या किमतीत धरला की हा सौदा आणखी महाग पडतो. जनऔषधी दुकानातली अॅटोरव्हास्टॅटिनची पट्टी याच्या तुलनेत अगदी स्वस्त, आणि १० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आत १० मिलिग्रॅम असतं.

कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाकडे वळणाऱ्यांना इथेच सांगायला हवं: २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल उतरलं नाही, थोडं वाढलं. आमवातासाठी वैद्य गुग्गुळ देतात तो विषय वेगळा. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे जाऊन नीट विचारता येतं. कोलेस्टेरॉलसाठी स्वतःच गुग्गुळ सुरू करू नये.

भारतात कायदेशीर आलेल्या बाटलीवर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि "औषधी वापरासाठी नाही" हा इशारा हवा. ज्यावर यातलं काहीच नाही ती बाटली कोणीतरी प्रवासाच्या सामानात घालून आणलेली समजावी. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेली बाटलीही घेऊ नये.

गुण द्यायचे तर मोनॅकोलिन आणि सिट्रिनिन दोन्हीचे आकडे देणाऱ्या मालाला पाचपैकी दोन, कारण परिणाम खरा आहे. आकडे नसलेल्याला शून्य. हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट आहे किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांची स्टॅटिन बंद करून हे मुळीच घेऊ नये.

सध्या घेत असाल तर पुढच्या भेटीत रिकामी का होईना, बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवा. त्रास झाला असेल तर ती फेकू नका. बॅच क्रमांक लिहून घ्या आणि भारताच्या औषध दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. ही नोंद पेशंटला स्वतः करता येते.