पळणाऱ्याच्या कमरेला काय असावं: पंप की रोटाहेलर?

पळणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते, श्वास सोडताना घरघर होते, खोकल्याची उबळ येत राहते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं निवळतं. डॉक्टरांनी याला व्यायामाने उठणारा दमा म्हटलं असेल आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारं सॅल्ब्युटामॉल लिहून दिलं असेल, तर मेडिकलवाला हमखास विचारतो, ‘पंप देऊ की कॅप्सूल?’ पंप म्हणजे दाबून औषधाचा फवारा ओढायचा इन्हेलर; कॅप्सूल गिळायची नसते, तिच्यातली पूड रोटाहेलर या छोट्या यंत्रातून ओढायची असते. औषध एकच, म्हणून माणूस समोर येईल ते घेऊन निघतो. घरी बसून घ्यायचं असेल तर तसं चालतंही. पळणाऱ्याचं मात्र तसं नाही.

निदानच झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या. ट्रेडमिलवर पळवून आधी आणि नंतर फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 10 टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर श्वासनळ्या आकसतात असं धरतात. आवाज श्वास आत घेताना येत असेल, आवळल्यासारखं गळ्यापाशी वाटत असेल आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत मोकळं होत असेल, तर गडबड बहुधा स्वरयंत्रापाशी असते. तिथे पंपही उपयोगाचा नाही आणि कॅप्सूलही. बरगडीखाली उठणारी कळ हा याहून वेगळा प्रकार. वेग कमी करून दुखऱ्या जागी बोटांनी दाबायचं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, आणि पळण्याआधीच्या दोन तासांत भरपेट खाणं आणि गोड सरबत टाळायचं. चढावर पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागू लागली असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. छातीत दुखून धाप लागत असेल तर पळणं बंद आणि आधी डॉक्टर.

आता मूळ मुद्दा. रोटाहेलरची बाजू खरंच भक्कम आहे. कॅप्सूल पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात बसवायची, वरचं टोक कडेला समपातळीत आलं की तळ फिरवायचा, कॅप्सूल आत उघडते, मग तोंडात धरून जोरात ओढायचं आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवायची भानगड नाही. किती डोस उरले ते बाटलीत डोकावलं की कळतं. सुरुवातीचा खर्च कमी. एका कॅप्सूलमध्ये 200 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे पंपाच्या दोन पफइतकं (एकदा दाबलं की एक पफ), आणि पळण्याआधी साधारण तेवढंच लिहून देतात. पूड संपली की नाही हे पारदर्शक अंगातून दिसतं. उरली असेल तर आणखी एकदा ओढायची.

पंपाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. बटण आधी दाबलं तर औषध जिभेवर आणि टाळूवर बसतं, उशिरा दाबलं तर श्वास संपलेला असतो. त्यात कॅप्सूलची सवय असलेला माणूस पंपही तसाच जोरात ओढतो. इथे नेमकं उलटं करायचं असतं: पूर्ण श्वास सोडा, ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबा, चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहा, मग दहा सेकंद रोखा. दुसऱ्या पफच्या आधी अर्धा मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा. बरेच दिवस पडून असलेला पंप असेल तर आधी एक-दोन पफ हवेत सोडा. कागदावर पाहिलं तर नवख्याने रोटाहेलरच घ्यावा, असं वाटणं साहजिक आहे.

माझा कल तरीही पंपाकडे आहे आणि त्याचं कारण अगदी क्षुल्लक वाटेल असं आहे: ओल.

कॅप्सूल जिलेटिनची असते. ती तीसच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत येते, आणि ती बाटली पळायच्या पट्ट्यात मावत नाही. मग माणूस दोन कॅप्सूल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवी कमरेला. जुलैतल्या मुंबईत किंवा कोकणात पाऊण तास पळल्यावर त्या पिशवीत काय होतं ते हाताला कळतं. टणक असायला हवी ती कॅप्सूल बोटांत दबते. भोकात घालताना वाकते, तळ फिरवला तरी नीट उघडत नाही, अर्धवट चेमटते. आतल्या पुडीने ओल धरलेली असते, ती गुठळी होऊन भिंतीला चिकटते. ओढून ओढून गाल आत जातात आणि पूड तिथेच. आपल्या बोटांचा घाम वेगळाच. चुकून यंत्रात श्वास सोडला की तीही वाफ आत जाते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ऐन ओल्या मोसमात यवतेश्वरच्या घाटात होते. पावसात निथळणाऱ्या हातांनी तिथे कॅप्सूल बसवून पाहा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट ओढण्याच्या जोराची. पूड आत जाते ती तुमच्याच श्वासाच्या बळावर. घरी, पळण्याआधी ते बळ भरपूर असतं. पण छाती आवळल्यावर, जेव्हा औषध खरं हवं असतं, तेव्हाच ते कमी पडतं. शिवाय तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेला असतो, त्यावर कोरडी पूड आदळली की खोकला येतो आणि निम्मा डोस तिथेच वाया. पंप स्वतःच्या दाबाने फवारतो, म्हणून तिथे तुमच्या जोराची गरज कमी.

राहिला जुळवणीचा प्रश्न. त्याला उत्तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मध्ये धरायचं प्लॅस्टिकचं पोकळ नळकांडं. पळण्याआधीचा डोस घरूनच घ्यायचा असतो, तिथे स्पेसर वापरायला काय हरकत? पंप हलवून मागच्या भोकात बसवा, एक पफ सोडा, सावकाश खोल श्वास घ्या, रोखा. एका वेळी एकच पफ; दोन एकदम मारले तर औषध आतल्या भिंतीवर बसतं. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळून काढा आणि उभा ठेवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसू नका. पुसलं की प्लॅस्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध तिकडे ओढलं जातं. ही चूक इतकी सर्रास होते की ‘स्पेसरने काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी हेच विचारतो.

डोस पळण्याच्या 10 ते 15 मिनिटं आधी. मग वॉर्मअप, आणि तोही नुसते हात-पाय हलवण्याचा नाही. हळू जॉगिंगनंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या सहा-आठ जोरदार धावा, मध्ये दम खायला वेळ. बऱ्याच जणांच्या श्वासनळ्या त्यानंतर तास-दोन तास आकसायला तितक्या तयार नसतात. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे, थंड कोरड्या हवेत आणि शेकोट्यांच्या धुरात, हा भाग औषधाइतकाच कामाचा आहे. नाका-तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायचा कापडी पट्टा) घेतला तर आत जाणारी हवा थोडी ओलसर आणि उबदार होते. गंमत म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा श्वासनळ्यांना त्या मानाने सोसते, कॅप्सूललाच सोसत नाही.

वाटेत छाती आवळली तर पूर्ण थांबा. आडवे होऊ नका, बसा किंवा थोडं पुढे झुकून उभे राहा. स्पेसरमधून एक पफ, चार श्वास, असं चार वेळा. चार मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार पफ. तरीही नसेल, किंवा एक सलग वाक्य बोलता येत नसेल, तर 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच क्रमाने पफ देत राहा. स्पेसर पट्ट्यात मावत नाही, हे पंपवाल्यांनी कबूल करावंच लागेल. अडचणीला पाण्याच्या अर्धा लिटरच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल असं भोक पाडून काम भागतं. ती आधीच कापून आयोजकांकडे दिलेल्या बॅगेत ठेवता येते. बॅग मात्र उन्हातल्या गाडीत ठेवू नका, डबी दाबाखाली असते आणि तापलेली चालत नाही.

दोन्हींना लागू पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी. डोसनंतर हात किंचित थरथरतात आणि नाडी वाढते, म्हणून हृदयाच्या ठोक्यांवर वेग ठरवणाऱ्याने घड्याळावर त्या दिवशी फार विसंबू नये. स्पर्धात्मक धावपटूसाठी वाडाची (खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था) मर्यादा 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही 8 तासांत 600, म्हणजे सहा पफ. (झटका आलेला असताना हा हिशोब करत बसू नये.) आणि रोजच्या सोप्या धावण्याआधीही हे औषध घेतलं तर त्याचं संरक्षण हळूहळू घटतं. आठवड्यातले बहुतेक दिवस ते लागत असेल, तर प्रश्न पंप की कॅप्सूल हा उरत नाही. 2019 पासून जागतिक दमा मार्गदर्शनातही नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असंच सांगितलं आहे, सोबत स्टेरॉइडचा इन्हेलर लागतो. त्यासाठी डॉक्टरांकडे परत जावं. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरायची, हे त्यांनी सांगितलं नसेल तरी भरा.

पंपात 200 पफ असतात. दर वेळी दोन धरले तर शंभर धावा. डोस मोजणारा आकडा असलेला मिळाला तर तोच घ्या. नसेल तर पहिल्या दिवशी डबीवर तारीख लिहा आणि हिशोब ठेवा. हलवून किंवा पाण्यात तरंगवून अंदाज घेऊ नका, औषध संपल्यावरही नुसता वायू बराच वेळ फवारत राहतो. पट्ट्यात ठेवताना टोपण लावलेलंच हवं, नाहीतर खिशातला कचरा तोंडाच्या भोकात जातो आणि पफबरोबर घशात.

कोरड्या हवेत, नागपूर-सोलापूरकडे, घरूनच डोस घेऊन पळणाऱ्याला रोटाहेलर पुरतो, असं मी मानतो. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र आधी विचारा, पुडीत लॅक्टोज असतं. रोटाहेलरच घ्यायचा ठरवला, तर कॅप्सूल आधीपासून यंत्रात भरून निघू नका. घट्ट झाकणाच्या लहान डबीत ओल शोषणाऱ्या पुडीसोबत दोनच न्या, हात कोरडा पुसून मगच काढा, आणि न वापरलेल्या दोन्ही परत बाटलीत टाकू नका.