योसेमिटीत तंबू की आरव्ही?

सॅन होजेहून दोन लहान मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला निघालेल्या मावसबहिणीने तंबू लावावा की भाड्याची आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घ्यावी, असे विचारले.

खर्चात तंबू स्वस्त पडतो, कारण उद्यानातल्या अपर पाइन्स या मुक्कामाच्या तळावर जागेचे भाडे दोघांनाही सारखेच असले, तरी आरव्हीच्या रोजच्या भाड्यात इंधनाची मोठी भर पडते. शिवाय फिरत्या घराची जाहिरात इथे विसरावी. उद्यानाच्या कोणत्याही तळावर आरव्हीला वीज, पाणी वा सांडपाण्याची जोडणी मिळत नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळांतच चालवता येतो. वळणावळणाच्या घाटात एवढी गाडी चालवण्याची सवय नसेल, तर चालकाचा सारा दिवस त्यातच जातो.

कष्ट मात्र तंबूत जास्त आहेत. अस्वलांमुळे खाऊच नव्हे, तर टूथपेस्ट आणि साबणसुद्धा रोज लोखंडी पेटीत ठेवावे लागतात. सुमारे 4,000 फुटांवरच्या खोऱ्यात पहाटे तंबूचे कापड हाताला ओलसर लागते आणि मुले पांघरुणात घट्ट बिलगतात. मला ती पहाट मोलाची वाटते.

मुले चार-पाच वर्षांपुढची असतील आणि मुक्काम उन्हाळ्यात असेल, तर तंबूच घ्यावा. तान्हे बाळ, गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा ऑक्टोबरची थंडी असेल, तर आरव्हीचा खर्च सार्थकी लागतो.