ड्रमवरचा ठिबक संच: घ्या, पण टायमर बघून

अर्धा महिना फिरतीवर, आणि गावच्या परसात वांगी-मिरची हवी, तीही फवारणीशिवाय. असा शौक असेल तर वीस झाडांचा ठिबक संच घ्यावा. जोडीला बहुतेक दुकानदार जो टायमर पुढे करतात तो मात्र घेऊ नये.

संचात 16 मिमीची काळी नळी, 4 मिमीच्या बारीक नळ्या, ताशी 4 लिटर पाणी ठिबकवणारे ड्रिपर, जाळीचा फिल्टर आणि टोकाची बुचं. माल बरा आहे. नळी तासभर उन्हात टाकली की सरळ होते. भोक संचातल्या पंचनेच पाडा. खिळ्याने पाडलं की तिथून झिरपत राहतं.

गोची टायमरची आहे. दुकानदार देतात त्यात सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप असते, आणि तिला नळाचा दाब लागतो. 200 लिटरचा ड्रम चिऱ्याच्या पाच-सहा थरांवर, म्हणजे मीटरभर उंच ठेवला तरी दाब 0.1 ते 0.2 बारच मिळतो आणि तेवढ्यावर ती धड उघडत नाही. बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी सोडणारा, शून्य दाबावर चालणारा टायमर मागा. त्यातही एक खोट आहे: पाणी चालू असताना सेल संपले तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि ड्रम रिकामा. निघताना नवे अल्कलाइन सेल घाला.

ड्रिपर साधेच घ्या. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणाऱ्या ड्रिपरलाही दाब लागतो. ताशी 4 लिटर हा आकडा एक बार दाबाचा, ड्रमवर जेमतेम दीड लिटर पडतं. रोज पाऊण तास लावलं तर झाडाला लिटरभर, आणि ड्रम आठ-नऊ दिवस पुरतो. पंधरवड्यासाठी दोन ड्रम जोडा. झाडांभोवती मातीवर चार इंच पेंढा किंवा पालापाचोळा हवाच, नाहीतर एप्रिलच्या उन्हात ते लिटरभर कुठच्या कुठे जातं. फक्त बुंध्याला टेकवू नका, वाळवी लागते.

जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं पातळ खत, नळीतून सोडायचा मोह आवरा. फडक्यातून दोनदा गाळलं तरी शेणा-बेसनाचा बुळबुळीत थर ड्रिपरच्या तोंडाशी बसतो. टोकाकडची झाडं आधी माना टाकतात, आणि दोष उन्हाला दिला जातो. मगाने बुंध्याशी ओता ते. नळीची टोकं पंधरा दिवसांनी उघडून मिनिटभर पाणी वाहू द्या.

ड्रम काळा घ्या. पांढऱ्यात शेवाळ धरतं. बारीक नळी खारी आणि उंदीर कुरतडतात, म्हणून दोन-तीन जॉइनर आणि हातभर नळी जादा ठेवा. जून लागला की सेल काढून टायमर घरात.